ग्रामपंचायतीचं वीजबिल : अंदाजपत्रकात आकडा टाकण्याआधी एकदा पंपघरात जाऊन या

अंदाजपत्रकाच्या मासिक सभेत एक वाक्य दरवर्षी ठरलेलं असतं : "लाईटबिल लई वाढलंय, दहा टक्के जादा धरा." कुणी हरकत घेत नाही. गेल्या वर्षीच्या आकड्यावर दहा टक्के चढतात आणि नमुना 1 मधली, म्हणजे अंदाजपत्रकाच्या तक्त्यातली, ती ओळ मंजूर होते. माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यात मी सत्तावीस वर्षं ग्रामसेविका म्हणून काम केलं. त्यातली पहिली बारा वर्षं मीही असंच केलं. बिल खरंच वाढलंय का, आणि वाढलंय तर कशानं, हे कधी तपासलं नाही. त्या बारा वर्षांत गावानं किती पैसे उगाच भरले असतील, याचा विचार आला की अजून चुटपुट लागते. म्हणून नव्यानं रुजू झालेल्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसाठी आणि नव्यानं निवडून आलेल्या सरपंचांसाठी हे लिहिते आहे.

"बिल वाढलं" या दोन शब्दांत चार वेगवेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. दर वाढला असेल, युनिटं वाढली असतील, जोडण्या वाढल्या असतील किंवा जुन्या थकबाकीवर व्याज चढत असेल. दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो, तिथं आपलं काही चालत नाही. बाकीच्या तिन्ही गोष्टी मात्र गावाच्या हातात आहेत. त्यामुळे पहिलं काम म्हणजे हे चार धागे सुटे करायचे.

आधी जोडण्या मोजा

ग्रामपंचायतीच्या नावावर किती जोडण्या आहेत, हे बहुतेक ठिकाणी नक्की कुणालाच सांगता येत नाही. माझ्या शेवटच्या गावात सगळे म्हणायचे सात. मी बिलं गोळा केली, प्रत्येक ग्राहक क्रमांक वहीत उतरवला आणि प्रत्येक मीटरजवळ जाऊन मीटर क्रमांक ताडून पाहिला. जोडण्या अकरा निघाल्या. त्यातली एक पूर्वीच्या सार्वजनिक विहिरीवरची. विहीर कधीच बुजली होती, मोटर काढून नेलेली होती, पण दर महिन्याला स्थिर आकार लागत होता आणि आम्ही तो इमानेइतबारे भरत होतो. ती जोडणी कायमची बंद करायला एक अर्ज आणि दोन हेलपाटे लागले.

या फेरीतच प्रत्येक बिलावरचा 'दर संकेत' (कोणत्या वर्गवारीचा दर लागतो ते) आणि 'मंजूर भार' (जोडणीवर किती क्षमतेची यंत्रं चालवायला मंजुरी आहे ते) टिपून घ्या. पाणी योजनेची जोडणी सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या वर्गवारीत हवी, दिव्यांची पथदिव्यांच्या, आणि ग्रामपंचायत कार्यालय, जिल्हा परिषदेची शाळा, वाचनालय यांची सार्वजनिक सेवांच्या. यातलं काही व्यावसायिक दरानं आकारलं जात असेल, तर लेखी अर्ज देऊन वर्गवारी बदलून घ्या. मंजूर भाराचं तसंच आहे. नव्या योजनेत 15 अश्वशक्तीचा पंप जाऊन 10 चा आला, पण बिलावर भार जुनाच राहिला, असं सर्रास होतं. पाणीपुरवठ्याच्या जोडणीला स्थिर आकार भाराप्रमाणे लागतो. परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडून भार कमी करून घेता येतो.

बिलातला खरा आकडा

बिलाच्या तळाशी ठळक छापलेली रक्कम अंदाजपत्रकासाठी कधीच धरू नका. तुम्हाला हवी ती ओळ म्हणजे 'चालू वीज देयक'. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क हे सगळं मिळून त्या महिन्याचा खरा खर्च होतो. त्याच्या खाली निव्वळ थकबाकी आणि व्याजाची थकबाकी येते. हा मागचा भार आहे, त्याचा हिशेब वेगळा ठेवायचा.

एक साधी वही घ्या. प्रत्येक जोडणीला एक पान. बारा महिन्यांच्या बारा ओळी आणि चार रकाने : युनिटं, चालू वीज देयक, थकबाकी, आणि देयकाला युनिटांनी भागून येणारा 'एक युनिट कितीला पडलं' हा आकडा. वर्षभराचं पान एकदा डोळ्यांखालून घातलं की गोष्ट उघड होते. शेवटचा रकाना चढत असेल तर दर वाढलाय. तो जागच्या जागी असून पहिला रकाना फुगत असेल, तर दुखणं गावात आहे.

युनिटांचा आकडा लिहिताना 'मीटर स्थिती' पाहायला विसरू नका. चालू रीडिंग आणि मागचं रीडिंग खरे आकडे आहेत की सरासरीनं बिल आलंय, हे तिथं कळतं. आमच्या पंपघराला कायम कुलूप आणि किल्ली पाणी सोडणाऱ्या काकांच्या कनवटीला. रीडिंग घेणारा मुलगा दुपारी यायचा तेव्हा काका रानात असायचे. आठ महिने सरासरीवर बिल आलं, आम्ही भरलं, आणि नवव्या महिन्यात खरं रीडिंग झालं तेव्हा मागचा सगळा फरक एकदम अंगावर आला. त्या तिमाहीत पगाराला सोडून दुसऱ्या कशालाच पैसे उरले नाहीत. नंतर मीटरची पेटी पंपघराच्या बाहेरच्या भिंतीवर, रस्त्याच्या बाजूला बसवून घेतली. शिवाय दर महिन्याच्या 1 तारखेला प्रत्येक मीटरचा मोबाईलवर फोटो काढायची सवय लावली. बिलाविषयी वाद झालाच, तर तारखेसह असलेला फोटो तुमच्या बाजूनं बोलतो.

पंपाची परीक्षा

ग्रामपंचायतीच्या विजेचा सगळ्यात मोठा वाटा पाण्याचा. त्यामुळे सगळ्यात जास्त वेळ इथं द्या.

विचारायचा प्रश्न एकच : एका युनिटमध्ये आपला पंप टाकीत किती लिटर पाणी टाकतो? हे काढायला इंजिनिअर लागत नाही. टाकीची क्षमता माहीत हवी, हातात घड्याळ हवं आणि दोन माणसं हवीत, एक पंपघरात, एक टाकीवर. पहाटे टाकी रिकामी असताना गावाकडचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा. मीटरचं रीडिंग लिहा, पंप चालू करा. टाकी भरून वाहायला लागली की वरच्या माणसानं फोन करायचा, खालच्यानं पंप बंद करून पुन्हा रीडिंग घ्यायचं.

आमची टाकी 50,000 लिटरची होती. चैत्र लागला होता. काका आणि मी पाच वाजता विहिरीवर गेलो, शिपाई टाकीवर. टाकी भरायला तीन तास वीस मिनिटं लागली आणि मीटर 27 युनिटं पुढं सरकला. म्हणजे युनिटमागे साधारण 1,850 लिटर.

हे बरं की वाईट, हे कसं ठरवायचं? विहिरीतल्या पाण्याच्या पातळीपासून टाकीच्या माथ्यापर्यंतची उंची मीटरमध्ये घ्या, त्यात पाइपमधल्या घर्षणाचे काही मीटर मिळवा. ते गणित पाणीपुरवठ्याच्या शाखा अभियंत्याला विचारा, योजनेच्या कागदांत असतं. मग 3,67,000 ला त्या उंचीनं भागा. येणारा आकडा म्हणजे जराही नासाडी न होता एका युनिटमध्ये जेवढे लिटर वर चढतील तेवढा. प्रत्यक्षात त्याच्या निम्मं पाणी मिळालं तर पंप ठीक चालला आहे असं समजा. आमची एकूण उंची 60 मीटर. भागाकार आला साधारण 6,100, निम्मं 3,050. आम्हाला मिळत होतं 1,850. प्रत्येक युनिटमागे हजारावर लिटर पाणी वाटेत कुठंतरी जात होतं.

काकांना मी विचारलं, "पूर्वी किती वेळात भरायची टाकी?" ते म्हणाले, "ताई, दोन तासांत भरायची. आता पंप म्हातारा झाला." पंप बदलायचा प्रस्ताव करावा, असं माझ्याही मनात आलं होतं. पण काका पंप बंद करून बाहेर आले आणि आम्ही तिथंच उभे राहिलो म्हणून एक गोष्ट लक्षात आली. दाबमापकाचा काटा काही क्षणांत सरसर खाली आला. पंप बंद झाल्यावर लाइनमधलं पाणी उभं राहायला हवं. ते उभं राहत नव्हतं. विहिरीत कान दिला तर पाणी परत पडल्याचा आवाज नव्हता, म्हणजे फूट व्हॉल्व्ह (पाइपाच्या विहिरीतल्या तोंडाशी पाणी अडवून धरणारी झडप) धरत होता. मग पाणी वाटेतच जात असणार.

लाइनीच्या कडेकडेनं टाकीकडं चालत निघालो. सगळा माळ करपलेला, बांधावरच्या बाभळीसुद्धा धुळीनं पांढऱ्या झालेल्या. आणि ओढ्यात, जिथं लाइन वाळूखालून जाते, तिथं दोन खाटा मावतील एवढ्या जागेत हिरवागार लव्हाळा. शेजारच्या वस्तीवरच्या शेळ्या त्यात तोंड घालून उभ्या होत्या. काका तिथं मटकन खाली बसले. रोज त्याच वाटेनं जाणारा माणूस, रोज तो हिरवा पट्टा बघत होता. त्यांनी वाळू हातानं उकरली तर हातभर खाली थंड पाणी लागलं. पाइपाचा जोड सरकला होता.

जोड बदलला, भोवती काँक्रीटचा ठोकळा टाकून घेतला आणि पुन्हा तीच परीक्षा घेतली. दोन तास दहा मिनिटं, साडेसतरा युनिटं. युनिटमागे 2,850 लिटर. पंप तोच होता.

हिशेब करा म्हणजे या खटाटोपाची किंमत कळेल. सव्वादोन हजार वस्तीला माणशी 55 लिटर म्हणजे दिवसाला अडीच टाक्या. आधी रोजची साडेसदुसष्ट युनिटं लागत होती, नंतर पावणेचव्वेचाळीस. महिन्याला सातशेवर युनिटं वाचली. हिशेबाला सोपं म्हणून युनिट सगळं मिळून 6 रुपयांना धरलं, तरी वर्षाचे 50,000 रुपयांहून जास्त होतात. आणि आम्ही दरवर्षी दहा टक्के जादा धरत होतो.

ही परीक्षा वर्षातून दोनदा घ्या, एकदा दिवाळीनंतर, एकदा उन्हाळ्यात. उन्हाळ्यात विहिरीची पातळी खाली जाते, त्यामुळे आकडा थोडा घसरणारच, पण एकदम घसरला तर लाइन चालत पाहा. फूट व्हॉल्व्ह, पंपाचा झिजलेला इंपेलर (आतला पाणी ढकलणारा पंखा), अर्धवट उघडलेला व्हॉल्व्ह, लाइनीतली हवा सोडणारा पण चिकटलेला एअर व्हॉल्व्ह ही नेहमीची ठिकाणं आहेत. टाकी भरून वाहत राहणं हे तर उघड्या डोळ्यांनी दिसतं. ओव्हरफ्लोच्या पाइपाखाली शेवाळ धरलेलं दिसलं की समजायचं, रोज कुणीतरी पंप बंद करायला उशीर करतंय. त्यांना रागावण्याआधी विचारा. आमच्या काकांना दोन वस्त्यांचे व्हॉल्व्ह एकाच वेळी फिरवावे लागायचे, सायकलवरून. टाकीत पाणी भरलं की पंप आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच बसवला, प्रश्न मिटला.

मोठ्या योजनांसाठी दोन गोष्टी. 20 किलोवॅटच्या वरच्या जोडणीला युनिट केव्हीएएचमध्ये मोजलं जातं, म्हणजे कामी आलेलीच नव्हे तर लाइनीतून ओढलेली सगळी वीज धरली जाते, तिथं कॅपॅसिटर बिघडला की काम तेवढंच होऊन बिल वाढतं. त्यामुळे बिलावरचा पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतली किती कामी आली तो आकडा) दर महिन्याला बघा. आणि टीओडी (दिवसातल्या वेळेप्रमाणे मोजणारा) मीटर असेल तर कोणत्या तासाला उपसा केला यावर दर बदलतो. आयोगाचा चालू दर आदेश काढून तासांचं कोष्टक पंपघराच्या दारावर चिकटवा.

पथदिवे

इथं काम सोपं आहे, पण रात्री करावं लागतं. वॉर्डातला एक सदस्य बरोबर घ्या, टॉर्च आणि वही घ्या, आणि प्रत्येक पोल मोजा. किती दिवे लागतात, किती बंद आहेत, कोणते कितीचे आहेत. जुन्या 40 वॅटच्या ट्यूबला चोक धरून पन्नासच्या वर वॅट लागतात, तिथं 20 वॅटचा एलईडी चांगला उजेड देतो. घेताना नुसती किंमत बघू नका, लेखी हमी किती वर्षांची आहे ते बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला पुन्हा फेरी मारा. दिवसा जळणारे दिवे तेव्हा सापडतात. डिसेंबरात दिव्यांची गरज तेरा तास असते, जूनमध्ये अकराच्या आसपास. वर्षभर एकाच वेळी स्विच पडत असेल तर उन्हाळ्यात रोज दोन तास फुकट जातात. सूर्योदय-सूर्यास्ताप्रमाणे चालणारा टायमर बसवला की हे थांबतं. पथदिव्यांच्या तारेवर आकडा टाकलेला दिसला, तर ती वीजचोरी आहे आणि बिल गावाच्या नावावर फाटतंय. आमच्याकडं एका मंडळाचा मांडव निघाला. सरपंचांनी मंडळाच्या पोरांना बोलावून तात्पुरती जोडणी कशी घ्यायची ते समजावून सांगितलं, आणि पुढच्या वर्षी त्यांनी रीतसर अर्ज केला.

आता अंदाजपत्रक

एवढं झालं की आकडा टाकायला बसा. वीज या एकाच शीर्षाखाली सगळं ढकलू नका. पाणीपुरवठा, पथदिवे, कार्यालय आणि इतर इमारती अशा तीन ओळी वेगळ्या करा. प्रत्येक ओळीत वर्षाची युनिटं गुणिले एका युनिटला पडणारा खर्च. आयोगाचा दर आदेश बहुधा पुढच्या काही वर्षांसाठी एकदम येतो, त्यात येत्या 1 एप्रिलपासून तुमच्या वर्गवारीचा दर काय आहे ते बघून गुणाकार करा. येत्या वर्षात नवी टाकी, नवी वस्ती, नवी विंधन विहीर चालू होणार असेल तर तिची युनिटं त्यात मिळवा. जल जीवन मिशनमधून योजना उभी राहिली, नळ घरात आले, पण पंप चालवायचं बिल ग्रामपंचायतीचंच. हे बऱ्याच गावांना पहिलं बिल हातात पडल्यावर कळलं.

थकबाकीसाठी चौथी ओळ. ती फेडायची किती हप्त्यांत, हे वीज कंपनीच्या उपविभागाशी लेखी ठरवून मगच लिहा.

पैसा कुठून आणायचा, हेही आकड्यासोबत ठरलेलं हवं. पूर्वी पथदिव्यांची बिलं शासनाकडून जिल्हा परिषदेमार्फत भरली जायची, त्यामुळे कुणी त्यांच्याकडं फारसं बघत नसे. 2021 मध्ये ती ग्रामपंचायतींनी पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून भरायची असं ठरलं, आणि त्या पावसाळ्यात राज्यातली कितीतरी गावं थकबाकीपायी अंधारात गेली. अंधारात शाळेतून, क्लासहून येणाऱ्या मुली, दवाखान्याच्या वाटेवरची म्हातारी माणसं, हे मी स्वतः पाहिलंय. त्या आयोगाच्या निधीचे दोन भाग होते : 60 टक्के बंधित, पाणी आणि स्वच्छतेसाठी, आणि 40 टक्के अबंधित, गावाच्या इतर गरजांसाठी. पाण्याचं बिल बंधितमधून, पथदिव्यांचं अबंधितमधून आम्ही भरायचो. अबंधित निधी पगार आणि आस्थापनेवर खर्चता येत नव्हता, म्हणून कार्यालयाचं बिल स्वनिधीतून, म्हणजे गावाच्या स्वतःच्या उत्पन्नातून. निधी कोणताही असो, खर्च जीपीडीपी म्हणजे ग्रामपंचायत विकास आराखड्यात असल्याशिवाय ई-ग्रामस्वराज या ऑनलाइन प्रणालीवरून रक्कम निघत नाही. आराखड्याच्या ग्रामसभा 2 ऑक्टोबरपासून सुरू होतात. वीजबिलाचा उपक्रम त्याच वेळी टाका, मार्चमध्ये धावपळ करून उपयोग होत नाही.

पाणीपट्टीचा ठराव करतानाही हीच वही सभेत न्या. आमच्या 450 नळांवर दुरुस्तीपूर्वी फक्त विजेचा वर्षाचा बोजा नळामागे 324 रुपये पडत होता, नंतर 210. हा हिशेब फळ्यावर मांडला त्या ग्रामसभेत पाणीपट्टीवर नेहमीसारखा गोंधळ झाला नाही. एका आजीबाईंनी एवढंच विचारलं, "मग ओढ्यात गेलेलं पाणी कुणाच्या पट्टीतून गेलं?" मी सांगितलं, "तुमच्याच." त्यांनी त्या आठवड्यात मागची बाकी भरली आणि जाताना पावती दोनदा वाचून घेतली.

भरणा आणि तक्रार

बिलाच्या तारखेपासून 7 दिवसांत भरलं तर 1 टक्का सूट मिळते, मुदत टळली तर सव्वा टक्का विलंब आकार लागतो आणि पुढं व्याज. पैसे सोडायला लागणाऱ्या दोन डिजिटल सह्यांपैकी एक सही करणारा गावाला गेला म्हणून मुदत चुकणं, हे टाळता येतं. बिल आलं त्या दिवशी सरपंचांना फोन करा.

बिल चुकीचं वाटलं तर आधी उपविभागाला लेखी द्या आणि पोच घ्या. वाद चालू असताना जोडणी तुटू नये म्हणून रक्कम 'हरकत राखून' भरता येते. तिथं दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल, मुंबई आणि नागपूर. विद्युत अधिनियम 2003 चं कलम 56 सरपंचांनी एकदा वाचून ठेवावं : पुरवठा तोडण्याआधी पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि दोन वर्षांहून जुनी रक्कम मधल्या बिलांत सतत थकबाकी म्हणून दाखवलेली नसेल तर वसूल करता येत नाही.

शेवटचं काम बदलीच्या वेळचं. चार्ज देताना दप्तराच्या यादीत नमुना 8 (कर आकारणी), नमुना 9 (कर मागणी), रोकडवही सगळं येतं, वीजजोडण्या येत नाहीत. त्या लिहून द्या : ग्राहक क्रमांक, मीटर क्रमांक, मंजूर भार, दर संकेत, शेवटचं रीडिंग, आणि पंपाच्या शेवटच्या परीक्षेत आलेले युनिटमागचे लिटर. मी निवृत्त झाले त्या दिवशी माझ्या यादीत दहा जोडण्या होत्या आणि शेवटच्या रकान्यात 2,790 हा आकडा. नव्या ताई रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात काकांना घेऊन पहाटे विहिरीवर गेल्या, असं काकांनीच मला फोन करून सांगितलं.